राखेच्या तळ्यावरच्या कुरडया

खडकवस्तीत कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर ताटातली आमटी एका अंगाला कलली की लोक म्हणायचे, रतनबाईला बोलवा. म्हणायचे थट्टेनं, पण रतनबाई खरोखर यायची. कमरेला पदर खोचायची, तांब्याभर पाणी जमिनीवर सोडायची, ते कुठं पळतंय ते ओणवी होऊन बघायची, आणि मग घरच्या बाईला अशी काही फैलावर घ्यायची की जणू तिनं जमीन नाही, पोटचं पोरगं बिघडवलंय. माती, शेण, चोपणं सगळं स्वतः आणायची आणि दुपारपर्यंत जमीन सारखी करूनच उठायची. चहा मात्र घ्यायची नाही. वाकड्या जमिनीवर बसून चहा घशाखाली उतरत नाही, असं तिचं म्हणणं.

सुगीच्या आधी खळं करायचं तर तेही रतनबाईच्या देखरेखीखाली. बैल फिरवायचे पुरुषांनी, पाणी शिंपडायचं पोरींनी, पण खळं झालं की नाही ते ती सांगणार. गाल मातीला टेकवून, एक डोळा मिटून ती बघायची आणि तिकडं बोटभर दाबा म्हणायची. पुरुष आपसात कुरकुरायचे, पण दाबायचे. तिचा नवरा कोंडीराम गडी गरीब. तो चारचौघांत सांगायचा, की लग्नात बोहल्यावर चढताना हिनं आधी बोहलं बघितलं, मग मला बघितलं, आणि तेव्हापासून दोघांनाही ती नावं ठेवतेय.

ही खडकवस्ती पिंपरीच्या मागल्या अंगाला, कारखान्यांच्या भिंतींना टेकून बसलेली. चौसष्टच्या सुमाराला तिथं एक मोठी कंपनी आली आणि कंपनीनं स्वतःपुरती वीज करायला कोळशाचं वीजघर बांधलं. कोंडीरामला भट्टीत कोळसा ओढायची नोकरी लागली. वस्तीनं पेढे खाल्ले. कोळसा जळला की राख उरते हे वस्तीला ठाऊक होतं, घरोघरी चुली होत्याच. पण घरच्या चुलीची राख सुपात मावते. ह्या चुलीची राख मावायला कंपनीला वस्तीच्या पश्चिमेला बांध घालून तळं करावं लागलं. राख पाण्यात कालवून मोठ्या नळानं तिथं सोडायचे. पाणी वर राहायचं, राख तळाशी बसायची. पावसाळ्यात तळं असं छान दिसायचं की बगळेही फसून उतरायचे आणि पाय झटकत उडून जायचे.

खरी मजा उन्हाळ्यात. पाणी आटायचं, राख वाळायची, आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की अख्खं तळं उठून वस्तीच्या भेटीला यायचं. मग काय विचारता! भाकरीवर राख, अंथरुणावर राख, देवाच्या तसबिरीवर राख. होळी झाली की काळी म्हैस आणि पांढरी गाय एकाच रंगाच्या व्हायच्या आणि पावसात पुन्हा वेगळ्या व्हायच्या. नवरा दिवसभर राख करायचा, बायको दिवसभर राख झाडायची, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांकडं बघून खोकायचे. रतनबाईनं हे सगळं सोसलं असतं. सोसलं नाही ते एकच, कुरडयांचं.

कुरडई म्हणजे काय साधी गोष्ट आहे? गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, रात्रभर चीक बसू द्यायचा, पहाटे तो आधणात शिजवायचा आणि एक गाठ होऊ न देता हात तुटेस्तोवर घोटायचा, मग गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायची. ओली कुरडई अशी चिकट, की माशी बसली तर उठायची नाही. खडकवस्तीत ती घातली की तासाभरात तिच्यावर राखेची साय यायची. झटकता येत नाही, धुता येत नाही. करायची काय?

एकाहत्तर साली थोरल्या लेकीचं, शालनचं लग्न चाकणजवळच्या एका वाडीत ठरलं. लग्नात रुखवत मांडतात. लेकीच्या आईनं उन्हाळाभर केलेलं सगळं मांडवात ओळीनं लावायचं आणि वरपक्षाच्या बायकांनी ते बघून नाकं मुरडायची, ही रीतच आहे. रतनबाईनं शेवया केल्या, पापड केले, सांडगे केले, आणि परातभर कुरडया केल्या. त्या कुरडया राखाडी निघाल्या. माहेरी चऱ्होलीला जाऊन घाल असं भावजयीनं सुचवलं होतं, पण दुसऱ्याच्या अंगणात वाळवलेलं रुखवत हे रुखवत नव्हे, असं रतनबाईनंच तिला वर ऐकवलं होतं. आता शालनची सासू सोजरबाई, बाई मनानं वाईट नव्हे, पण जिभेला हाड नाही. तिनं भर मांडवात एक कुरडई उचलली, उन्हाकडं धरली आणि विचारलं, ही गव्हाची की कोळशाची? मांडव हसला. वाजंत्रीवाले हसले. मुंडावळ्या बांधलेली शालन समोरच बसली होती, तिनं मान खाली घातली.

तिथून पुढं सोजरबाईला ती गंमत सोडवेना. सुनेनं चहा आणून दिला की ती आधी कपात फुंकर मारायची. राख उडवतेय म्हणायची. पाहुणे आले की सांगायची, आमची सून राखेच्या तळ्याकाठची. पाहुणे हसायचे, शालन चुलीपुढं निमूट बसायची. रतनबाईच्या कानावर हे सगळं यायचं आणि तिचा जीव तिळतिळ तुटायचा. पुढं काही उन्हाळे तिनं काय काय करून पाहिलं! कुरडयांवर धोतर ताणलं, तर कुरडया धोतराला चिकटून वर गेल्या. घरात पंख्याखाली वाळवल्या, तर त्यांना बुरशी आली. शेवटी तिनं तळ्याकडं बघून बोटं मोडायची तेवढी चालू ठेवली.

आणि अठ्ठ्याहत्तर साली तळ्याला तिची बोटं लागली म्हणा. कंपनीला बाहेरून पुरेशी वीज मिळायला लागली आणि वीजघर बंद झालं. कोंडीरामला गोदामाच्या दारावर स्टुलावर बसवलं. राखेचं तळं बंद करायचं काम मधुसूदन दाते नावाच्या तरुण इंजिनियरकडं आलं. दातेसाहेब पुण्याचा, चष्मेवाला, बोलायला मऊ. त्यानं वस्तीवर येऊन सगळं समजावून सांगितलं. आधी पंप लावून पाणी काढायचं, थंडीभर राख निथळू द्यायची, मग कडेकडेनं आत जात मुरूम पसरायचा, वर माती घालायची आणि शेवटी गवत लावायचं. राख वरून कोरडी दिसली तरी आत पेजेसारखी असते, ट्रॅक्टर घातला तर बसेल, म्हणून मुरूम घमेल्यांनीच टाकायचा. वस्तीवरच्या बायका कामाला लागल्या. त्यांची मुकादम रतनबाई. कारण ह्या बांधावरून हाक मारली की त्या बांधावर ऐकू जाईल असा आवाज तिचा होता, साहेबाचा नव्हता.

त्याच दिवाळीत धाकट्या शैलाचं लग्न ठरलं. शैला मॅट्रिक झालेली, नवरा मुलगा फिटर, राहायला संत तुकाराम नगरात. लग्न वैशाखात. रतनबाईनं बोटांवर महिने मोजले आणि तिचे डोळे चमकले. चैत्रात तळं झाकलं, तर शैलाच्या रुखवतात कुरडया पांढऱ्या! आणि त्या लग्नाला सोजरबाईला मानानं बोलवायचं, पुढच्या ओळीत बसवायचं आणि परात तिच्या नाकासमोर ठेवायची. कंपनीला तळं कशासाठी बंद करायचं होतं ते कंपनी जाणे. रतनबाई तेवढ्यासाठी करत होती.

तिनं बायकांना असं काही पळवलं की सांगायची सोय नाही. फाल्गुन सरला तोवर मुरूम पार मधोमध पोचला. दातेसाहेब खूश. चैत्र लागला, वरची माती तेवढी राहिली. तेवढ्यात साहेबाला साताऱ्याहून निरोप आला, की बायको मृदुला हिचे दिवस भरत आलेत. साहेब रजेवर निघाला. जाण्याआधी त्यानं एक घमेलं उपडं ठेवून रतनबाईला दाखवलं, की माती अशी हवी, मधे उंच आणि कडेला उतार. तेवढ्यासाठी तळ्यावर खुंट्या ठोकून घेतल्या, कडेच्या ठेंगण्या, मधल्या उंच. खुंटीच्या डोक्यापर्यंत माती भरायची, एवढंच. रतनबाई हो म्हणाली, पोराला बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका असंही म्हणाली.

साहेब गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाई बांधावर उभी राहिली, एक डोळा मिटला, आणि खुंट्या बघून तिला साहेबाची मनापासून दया आली. एक खुंटी इथं, एक तिथं हातभर वर! बिचाऱ्याचं चित्त बाळंतपणात, त्याच्या माणसांनी ठोकल्या कशाही. उपड्या घमेल्याचं तिला आठवलं, नाही असं नाही. पण मधे फुगलेली जमीन कुणी मुद्दाम करून घेईल, हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिला वाटलं, साहेब सवयीनं काहीतरी बोलला असेल. वरच्या साहेबांनी हे बघितलं तर पोराची नोकरी जाईल, ह्या काळजीनं तिनं मोठी मोगरी मागवली आणि मधल्या सगळ्या खुंट्या ठोकून ठोकून कडेच्या खुंट्यांबरोबर आणल्या.

मग माती पडली. मग वस्तीवरचे बैल आले आणि खळ्यावर फिरतात तसे तळ्यावर गोल फिरले. पाणी शिंपडलं, चोपणी चालली. रतनबाईनं ह्या टोकाला गाल टेकवला, त्या टोकाला टेकवला, तिकडं बोटभर दाबा, इकडं दोन मुठी टाका. आयुष्यात एवढी जमीन तिला कुणी दिली नव्हती. झाली तेव्हा वस्ती बघायला लोटली. म्हातारे मारुतराव, जे कुणाला कधी चांगलं म्हणत नसत, ते चपला काढून तिच्यावर चालले.

त्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. सवयीनं सगळ्यांनी डोळे मिटले, तोंडावर पदर घेतले. वारा आला, अंगावरून गेला. काहीच पडलं नाही. एक एक पदर खाली आला. एका बाईनं पितळेचं ताट धुऊन अंगणात ठेवलं, तासाभरानं बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवत घरोघरी हिंडली. रतनबाईला इतका आनंद झाला की तिनं कोंडीरामला त्या संध्याकाळी एकही नाव ठेवलं नाही.

आता कुरडया घालायच्या कुठं? अंगणात कोंबड्या, पोरं, जाणारं येणारं. आणि पलीकडं ही एवढी स्वच्छ, मोकळी, ताटासारखी जमीन, तिची स्वतःची! दुसऱ्याचं अंगण नव्हे की काही नव्हे. पहाटे चीक शिजवून तिनं पातेलं डोक्यावर घेतलं आणि तळ्यावर जुनी लुगडी अंथरली. तिचं बघून बाकीच्या बायका निघाल्या. त्यांनीही तिच्याबरोबरच गहू भिजत घातले होते. सकाळच्या प्रहरी राखेचं तळं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडयांनी पांढरं झालं.

आणि नेमका त्याच दिवशी दातेसाहेब परतला. मुलगी झाली होती, पेढे घेऊन आला होता. बरोबर मुंबईहून आलेले मोठे साहेब होते आणि मागं कंपनीचा पाण्याचा बंब होता. पाणी सोडून बघायचं, ते कडेच्या गटारात नीट जातंय ना, म्हणजे काम झालं, असं ठरलं होतं. बंबवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं, की पलीकडच्या बांधावर जाऊन पाणी सोड. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, तिकडं गेला. मोठ्या साहेबांना वाटलं तळ्यावर फुलंबिलं लावलीयत. दातेसाहेबानं मात्र कुरडया पाहिल्याच नाहीत. तो जमीन बघत होता.

"रतनबाई, मधला उंचवटा कुठं गेला?"

"खुंट्या वाकड्या होत्या साहेब, मी सारख्या करून घेतल्या. आता बघा, पाण्याचा थेंब हलायचा न्हाई."

"अहो, तो हलायलाच हवा होता," साहेब म्हणाला. रागावून नाही, रडवेला होऊन म्हणाला.

तोवर पलीकडं बंबानं पाणी सोडलं. आणि काय सांगू, रतनबाईची जमीन इतकी सारखी झाली होती, की पाण्याला इकडं जावं की तिकडं असं काही कळेना. ते सगळीकडं गेलं. कुणाचं लुगडं सोडलं नाही, कुणाला कमी दिलं नाही. बायका धावल्या, पण ओल्या कुरडया उचलायच्या कशा? उचलाव्यात तर हातात लगदा. बंबवाल्याला हाक मारून थांबवलं तेव्हा सगळं तळं चमकत होतं आणि कुरडया तरंगत होत्या. थोड्या वेळानं मातीतून बुडबुडे आले आणि मागोमाग राखाडी पाणी वर आलं. मोठे साहेब मोटारीत जाऊन बसले.

दातेसाहेबानं मग रतनबाईला बांधावर बसवून सांगितलं. पावसाळ्यात पाणी असंच इथं उभं राहणार, आत मुरणार, खालची राख पुन्हा पेज होणार, बांध ढकलणार. एक-दोन पावसाळ्यांत माती फाटेल आणि उन्हाळ्यात राख पुन्हा वस्तीवर. म्हणून वरची माती आणि खालचा मुरूमही उकरून मधे मुरमाचा उंचवटा घालायला हवा, पावसाच्या आत. त्यासाठी दोन-तीन आठवडे तळं उघडं राहील, वारा तर भर जोरात आहे. एवढं बोलून त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. वैशाखातलं लग्न त्याला ठाऊक होतं, आमंत्रण त्यालाही होतं. मग तोच म्हणाला, की लग्न होऊ द्या, मोठ्या साहेबांना मी सांगतो, नंतर उकरू. फक्त पाऊस लवकर आला तर काम पुढच्या वर्षावर जाईल, आणि पुढच्या वर्षी कंपनी पैसे देईल की नाही ते मी आज सांगू शकत नाही.

रतनबाईनं फार विचार केला नाही. लग्न होऊ द्या, म्हणाली. आणखी एक घाणा व्हायला गहू होते, दिवसही होते. वर माती होती तोवर राख दबलेली होती. पांढऱ्या कुरडया हातातोंडाशी आल्या होत्या, त्या आता कोण सोडतंय? घरी येऊन तिनं गहू भिजत घातले.

दोन दिवसांनी शालन लग्नासाठी माहेरी आली. रतनबाईनं तिला झाला प्रकार रंगवून सांगितला, पाणी कसं सगळीकडं गेलं ते हातवारे करून दाखवलं, शालन पोट धरून हसली. मग रतनबाई म्हणाली, की तरी बघ, मी काही हटले नाही, शैलीच्या रुखवतात कुरडया पांढऱ्याच मांडीन आणि तुझ्या सासूचं तोंड बंद करीन. शालनचं हसू थांबलं. ती गव्हातलं पाणी बदलत बसली होती. पाणी ओतून झाल्यावर हळूच म्हणाली,

"आई, मांड गं, शैलीचं चांगलं व्हावं. पर आत्याबाई काय म्हंतील ठावं हाय का? म्हंतील, बघ, तुझ्या आईला येत व्हतं. धाकटीला केलं, तुलाच न्हाई केलं."

रतनबाई तिथंच बसून राहिली. आठ वर्षं ती ज्या एका दिवसासाठी जळत होती, त्या दिवसानं थोरलीच्या पदरात काय पडणार हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. एवढा मोठा मुलूख सारखा करणारी बाई, आणि घरातल्या दोन पोरींमधला चढउतार तिला दिसला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली आणि शालनला जवळ घ्यावंसं वाटलं. पण शालन तोवर उठून पाणी आणायला गेली होती.

सकाळी रतनबाईनं कुदळ घेतली आणि ती तळ्यावर गेली. बरोबर मधोमध उभी राहिली. आयुष्यातली सगळ्यात देखणी जमीन ती, तिच्यावर पहिला घाव घालताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही राखेनं आलं नव्हतं. बायकांना वाटलं हिला वेड लागलं. तिनं सगळ्यांना हाका मारल्या. दातेसाहेब आला, लग्नाचं काय म्हणून विचारायला लागला, तेव्हा तिनं त्याला उपडं घमेलं दाखवलं आणि असंच ना, एवढंच विचारलं.

पुन्हा वारा सुटला, पुन्हा राख उठली. रतनबाईनं भिजवलेल्या गव्हाच्या कुरडया केल्या आणि आपल्या अंगणात घातल्या. त्या राखाडी झाल्या. शैलाच्या रुखवतात तिनं त्या मान वर करून मांडल्या. शैलाला त्याचं काही नव्हतं, तिचं लक्ष नवऱ्याच्या नव्या घड्याळात. तिची सासू कुसुमताई कॉलनीतली, तिनं तळलेली कुरडई खाल्ली आणि छान फुलली म्हणाली. सोजरबाईनं परातीकडं बघून तोंड उघडलं, पण ह्या खेपेला नवीन काही सुचेना, म्हणून तेच जुनं बोलली. कुणी फारसं हसलं नाही. शालननं मात्र परात बघितली, मग आईकडं बघितलं, आणि पंगतीत वाढायला उठली.

पावसाच्या आत उंचवटा झाला, गवत लागलं. पावसाळाभर पाणी मधून सुटायचं आणि कडेच्या गटारातून निघून जायचं. दातेसाहेब छत्री घेऊन ते बघायला यायचा आणि मुलीच्या बाललीला सांगत बसायचा. काम बरोबर झालं होतं हे रतनबाईनं कबूल केलं. पण ती फुगलेली जमीन तिला बघवत नसे. त्या बाजूला तोंड करून ती बसत नसे.

पुढच्या वैशाखात वारा आला तो कोरडाच आला. तळ्याच्या जागी वाळकं गवत होतं आणि त्यावर शेळ्या होत्या. रतनबाईनं आपल्या अंगणात कुरडया घातल्या. पहिल्या दिवशी तिनं दर घटकेला उठून बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं नाही, भीतीच वाटली. तिसऱ्या दिवशी परात भरली तेव्हा कोंडीराम आला, परातीकडं बघत राहिला आणि म्हणाला, की आपण आजवर खाल्ल्या त्या मग कशाच्या होत्या?

तिनं दोन वाटे केले, अगदी सारखे. एक कोंडीरामच्या हाती शैलाकडं धाडला. दुसरा परातीत रचला, शेजारी शेवया, पापड, सांडगे ठेवले, वर कोरं कापड बांधलं, आणि हलगीवाल्याला बरोबर घेऊन ती चाकणच्या बसमध्ये बसली. कंडक्टरनं विचारलं, लग्न कुठं आहे. झालं नऊ वर्षांपूर्वी, रतनबाई म्हणाली, आणि तिकीट मागितलं.

वाडीत हलगी वाजत आली तशी माणसं दारात आली. रतनबाई तडक शालनच्या पडवीत शिरली. तिनं कापड सोडलं आणि ओळीनं सगळं मांडलं, मांडवात मांडतात तसं. सोजरबाई बाहेर येऊन बघतच राहिली. म्हणाली, "इहिणबाई, हे काय आता? पोरं शाळंत जायला लागली की हिची."

"तवा मांडायचं राहिलं व्हतं," रतनबाई म्हणाली.

पडवीपुढं बायका गोळा झाल्या. सोजरबाईनं वाकून एक कुरडई उचलली. उन्हाकडं धरली. अशी फिरवली, तशी फिरवली, डोळे बारीक करून तिच्या तारातारांतून बघितलं. काही सापडेना. तरी ती काहीतरी बोलायच्या बेतात होतीच, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शालन पिठाच्या हातांनी चुलीपासून उठून आली. नऊ वर्षांत तिनं सासूला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "खाली ठिवा. माझं रुखवत हाय त्ये."

सोजरबाईनं सुनेकडं बघितलं, दारातल्या बायकांकडं बघितलं. मग कुरडई होती तिथं ठेवली. जराशानं, आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, की एखादी तळून तरी बघायची का.

"उद्या," शालन म्हणाली, आणि हात न पुसताच परातीसमोर खाली बसली. "आज मला बघू द्या."